उंच चालक आणि लांब पल्ल्याची मोटरसायकल: कोकणातील रस्त्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेवस ते रेडी हा सागरी मार्ग किंवा राष्ट्रीय महामार्ग ६६ धरून दिवसदिवस गाडी चालवणाऱ्या, साधारण सहा फुटांच्या पुढच्या चालकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. गाडी कोणतीही असली तरी मोजण्याची रीत तीच राहते. मात्र कोणत्याही नटबोल्टला पाना लावण्यापूर्वी आपल्या मॉडेलची मालक-पुस्तिका उघडून, तो किती आवळायचा आणि समायोजनाची मर्यादा किती, हे पाहून घ्यावे.

माझी उंची सहा फूट दोन इंच आहे. दोन तास गाडी चालवली की कंबर धरते. हँडल उंच करून घेऊ का?

आधी गुडघ्यांकडे पाहा. कंबर दुखू लागली की बहुतेक जण पहिला खर्च हँडल रायझरवर, म्हणजे हँडल उंच करणाऱ्या जोडतुकड्यावर करतात, आणि आमच्या मते हा क्रमच उलटा आहे. सीट आणि फूटरेस्ट यांच्यातले अंतर कमी पडले की गुडघे वर येतात, मांड्या पोटाकडे सरकतात आणि त्यासरशी कंबरेला बाक येतो. मग रस्त्यावरचा प्रत्येक धक्का त्या बाकावरच बसतो. हँडल कितीही वर घेतले तरी हा बाक पुरता जात नाही, कारण त्याचे मूळ पायांत आहे. शिवाय पुढे सीट तीन सेंटिमीटर उंच केली, तर हँडल तितकेच खाली गेल्यासारखे होते आणि आधी घेतलेल्या रायझरचे माप चुकते. म्हणून प्रथम विनाखर्चाची समायोजने, त्यानंतर सीट, मग फूटरेस्ट, मग हँडल आणि सर्वांत शेवटी विंडशील्ड असा क्रम ठेवावा. एका वेळी एकच बदल करावा आणि त्यावर निदान दिवसभराचा प्रवास करून पाहावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर आराम कशाने पडला हे कळत नाही, आणि त्रास वाढला तर कशाने वाढला हेही कळत नाही.

दुखणे कोठे आहे यावरून कारण ओळखता येते का?

बऱ्याच अंशी येते. गुडघ्याच्या वाटीभोवती किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला ओढ जाणवत असेल तर सीट आणि फूटरेस्टमधले अंतर कमी आहे. माकडहाड दुखत असेल तर फोम बसलेला असतो किंवा सीट पुढे उतरती असते. तळहात बधिर होत असतील तर शरीराचा भार हातांवर येतो आहे, म्हणजे हँडल दूर किंवा खाली आहे. मानेचा त्रास मात्र फसवा असतो: तो खाली झुकून बसल्यानेही होतो आणि विंडशील्डवरून उसळणारा वारा हेल्मेटवर आदळल्यानेही होतो. नीट बसवलेल्या गाडीवरही पाय बधिर होत असतील किंवा कळ पोटरीपर्यंत उतरत असेल, तर ते काम मेकॅनिकचे नाही, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.

ज्या गाडीच्या सीटची उंची जास्त, ती उंच माणसाची गाडी, असे समजावे का?

माहितीपत्रकात दिलेली सीटची उंची जमिनीपासून मोजलेली असते. ती पाय जमिनीला टेकतील की नाही एवढेच सांगते, गुडघा किती वाकेल हे सांगत नाही. गुडघ्यासाठी सीटपासून फूटरेस्टपर्यंतचे अंतर लागते, आणि ते कोणी छापत नाही. उदाहरणार्थ रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ ची सीट ८०० मिलिमीटरवर आणि क्लासिक ३५० ची ८०५ मिलिमीटरवर आहे. आकडे जवळजवळ सारखे असले तरी दोन्ही गाड्यांवरची बैठक अगदी वेगळी आहे. मिटिऑर ३५० ची सीट तर ७६५ मिलिमीटरवरच आहे, पण तिचे फूटरेस्ट पुढे असल्याने लांब पायांना मोकळीक मिळते, आणि त्याची भरपाई माकडहाडाला करावी लागते, कारण पाय पुढे गेले की उठून धक्का चुकवता येत नाही. दापोली-हर्णै भागातल्या उखडलेल्या रस्त्यांवर हा फरक पहिल्या तासातच कळतो. केटीएमच्या जुन्या ३९० ॲडव्हेंचरची सीट ८५५ मिलिमीटरवर आहे, तर हिमालयन ४५० ची मूळ सीट ८२५ आणि ८४५ अशा दोन पातळ्यांवर बसवता येते. अशी सोय आपल्या गाडीला असेल तर फोमवाल्याकडे जाण्यापूर्वी ती वापरून पाहावी. पुष्कळ मालकांना ती असल्याचे ठाऊकच नसते.

शोरूममध्ये गाडी आपल्या मापाची आहे की नाही हे कसे तपासावे?

बहुतेक जण दोन्ही पाय फरशीला टेकवून समाधानाने मान डोलावतात. सहा फुटी माणसाचे पाय टेकणारच. त्यात तपासण्यासारखे काही नाही. मुख्य स्टँड असेल तर गाडी त्यावर घ्यावी, नसेल तर कोणाला तरी सरळ धरायला सांगावी, आणि दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून निदान दहा मिनिटे बसून राहावे. या वेळात बाजूने एक छायाचित्र काढून घ्यावे. गुडघ्याचा कोन काटकोनापेक्षा बराच लहान दिसत असेल तर ही गाडी लांबच्या प्रवासात त्रास देणार. त्यानंतर हँडल डावीकडे आणि उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून ते गुडघ्याला लागते का, हे पाहावे. कोकणात ही गोष्ट किरकोळ नाही: वाडीतल्या अरुंद वाटेवर, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे असताना गाडी वळवायची वेळ येते, आणि नेमके तेव्हाच हँडल गुडघ्यात अडकले तर गाडी आडवी होते. शेवटी फूटरेस्टवर उभे राहून हात हँडलपर्यंत पोहोचवण्यासाठी किती वाकावे लागते, तेही पाहून ठेवावे.

पैसे न खर्च करता काय काय करता येते?

अपेक्षेपेक्षा बरेच. हँडल पकडणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल थोडे मागे किंवा पुढे फिरवता येते. हँडलवर कंपनीने केलेली बारीक खूण असते, ती आधी पाहून ठेवावी, म्हणजे मूळ जागी परत येणे सोपे जाते. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर अशा कोनात आणावेत की नेहमीच्या बैठकीत कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेषा राहील आणि मनगट वर किंवा खाली मुडपणार नाही. उंच माणसाचे खांदे हँडलपासून अधिक वर असल्याने त्याला लिव्हर सहसा कंपनीच्या जागेपेक्षा किंचित खाली झुकलेले लागतात.

गिअर लिव्हरकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. दहा-अकरा नंबरचा बूट घालणाऱ्याचा पाय मूळ जागेवरच्या लिव्हरखाली नीट सरकत नाही, मग तो प्रत्येक गिअरला घोटा वाकडा करतो आणि संध्याकाळी डाव्या पोटरीत गोळे येतात. बहुतेक गाड्यांत लिव्हरला जोडणाऱ्या दांड्याच्या दोन टोकांचे लॉकनट सैल करून दांडा फिरवला की लिव्हर वर-खाली होतो. काही गाड्यांत लिव्हर काढून एक दाता पुढे-मागे बसवावा लागतो. टाच-पंजा असा दुहेरी लिव्हर असेल आणि मोठ्या पायाला दोन्हींच्या मध्ये जागा पुरत नसेल, तर टाचेकडचा भाग काढून टाकण्याची सोय आहे का ते विचारावे.

मागच्या ब्रेकचे पेडलही असेच वर-खाली करता येते का?

येते, पण येथे घाई नको. डिस्क ब्रेकच्या गाडीत पेडलची उंची बदलताना मास्टर सिलिंडरला (ब्रेक ऑइलवर दाब देणाऱ्या भागाला) ढकलणाऱ्या दांड्याची लांबी बदलते, आणि पेडलला थोडीशी मोकळी चाल राहिली नाही तर ब्रेक पूर्ण सुटत नाही. पॅड डिस्कला घासत राहतात, डिस्क तापते, तापलेले ब्रेक ऑइल फुगते आणि ब्रेक आपोआप आणखी लागतो. कुंभार्ली किंवा आंबोलीसारखा घाट उतरताना असे होणे जिवावर बेतू शकते. म्हणून समायोजनानंतर मागचे चाक उचलून हाताने फिरवून पाहावे, चार-पाच किलोमीटर चालवून डिस्कची धग हात न लावता जवळून अजमावावी आणि ब्रेक दिवा पेडल दाबताच लागतो व सोडताच विझतो याची खात्री करावी. यांपैकी काही जमत नसेल तर हे एक काम मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

सीट किती उंच करावी आणि कोणाकडून करून घ्यावी?

दोन ते तीन सेंटिमीटरने सुरुवात करावी. मांडी आणि पोटरी यांची लांबी प्रत्येकी साधारण ४७ सेंटिमीटर धरली आणि गुडघ्याचा कोन ७५ अंशांच्या आसपास असेल, तर सीट तीन सेंटिमीटर वाढवल्याने तो चार ते पाच अंशांनी उघडतो. आकडा लहान वाटतो, पण आखडलेल्या गुडघ्याला तेवढ्यानेही मोठा फरक पडतो. त्याला फूटरेस्ट अडीच सेंटिमीटर खाली घेण्याची जोड दिली तर एकूण आठ अंशांच्या आसपास फरक मिळतो.

उंचीइतकीच सीटची लांबी महत्त्वाची आहे. उंच चालक टाकी आणि मागच्या सीटची पायरी यांच्यामध्ये कोंडला जातो. मांडी लांब असल्याने त्याला मागे सरकायचे असते आणि पायरी सरकू देत नाही. जोडसीट असेल तर ही पायरी तीन-चार सेंटिमीटर मागे कापून घेतल्याने जो आराम मिळतो, तो कधीकधी उंची वाढवण्यापेक्षाही अधिक असतो. मागे बसणाऱ्याची जागा तितकी कमी होते, तेव्हा त्या व्यक्तीला आधी विचारलेले बरे.

चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ अशा कोणत्याही मोठ्या गावात सीटचे काम करणारे कारागीर भेटतात. त्यांना नुसते "सीट उंच करा" असे सांगितले तर ते मऊ फोमचा थर वर चढवून देतात. दुकानात बसून पाहिल्यावर तो गादीसारखा वाटतो आणि संगमेश्वर यायच्या आत दबून मूळ सीटइतकाच उरतो. खाली घट्ट फोमचा थर आणि वर एक ते दीड सेंटिमीटर मऊ थर असा क्रम त्यांना स्पष्ट सांगावा. बसण्याचा भाग सपाट किंवा मागे अगदी किंचित उतरता ठेवावा. पुढे उतरता राहिला तर प्रत्येक ब्रेकला शरीर टाकीवर जाते. सीट पुढच्या बाजूला अरुंद आणि मागे रुंद असावी. कव्हर कायमचे शिवून घेण्यापूर्वी ते तात्पुरते ताणून बसवून एक फेरी मारू देणारा कारागीर मिळाला, तर त्याला सोडू नये.

फूटरेस्ट खाली घेतले तर घाटातल्या वळणांवर घासणार नाहीत का?

शक्यता वाढते, आणि म्हणूनच हा उपाय सीटच्या नंतर ठेवला आहे. दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंतचा फरक साहसी प्रकारच्या उंच गाड्यांना सहसा झेपतो, कारण त्यांचे फूटरेस्ट मुळात वर असतात. क्रूझर प्रकारच्या गाड्यांना मात्र हा उपाय करू नये. त्यांचे फूटरेस्ट आधीच जमिनीजवळ असतात. सागरी मार्गावर वळणांपेक्षाही जास्त अडचण उघड्या जांभ्याची होते: सड्यावरच्या (जांभ्याच्या पठारावरच्या) कच्च्या वाटेने जाताना वर आलेला दगड आधी फूटरेस्टला आणि मग बुटाच्या टोकाला लागतो. फूटरेस्ट मूळच्याप्रमाणेच वर दुमडणारे असावेत, त्यांची स्प्रिंग कडक असावी आणि वेल्डिंग करून जोडलेले घरगुती ब्रॅकेट वापरू नये. खाली घेतल्यानंतर गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडल पुन्हा जुळवावे लागतात, हे गृहीत धरूनच काम काढावे. या बदलाचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही: उभे राहून चालवताना शरीर तेवढे खाली येते, त्यामुळे हँडल आपोआप जवळ वाटते.

हँडल रायझर बसवताना कशाची काळजी घ्यावी?

दोन ते तीन सेंटिमीटरचा रायझर बहुतेक गाड्यांच्या मूळ केबलींवर बसतो. त्यापुढे गेल्यास केबल आणि ब्रेकची नळी लांब घ्यावी लागू शकते. नुसती उंची देणाऱ्या रायझरपेक्षा हँडल थोडे मागेही आणणारा रायझर अधिक उपयोगी आहे का, हे हाताच्या लांबीवर ठरते. लांब हात असलेल्याने हँडल फार मागे घेतले तर कोपरे बरगड्यांना भिडतात आणि घाटात गाडी वळवताना जोर मिळत नाही.

बसवून झाल्यावर करायची एक चाचणी मात्र कधीही टाळू नये. इंजिन चालू करून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडल डावीकडच्या टोकापासून उजवीकडच्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. इंजिनाचा आवाज कोठेही वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात आहे. अशी गाडी रस्त्यावर आणू नये. त्याच वेळी क्लचची मोकळी चाल कायम राहते का, ब्रेकची नळी कोठे ताणली किंवा चिमटली जाते का आणि चावीजवळून जाणाऱ्या वायरी ओढल्या जातात का, हे एकेक करून डोळ्यांनी पाहावे. बोल्ट टॉर्क रेंचनेच, म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्यानेच आवळावेत. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावेत.

मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा आणि उंचीचा काय संबंध?

उंच माणूस बहुधा वजनानेही भारी असतो, त्यात सामान आणि मागे बसणारी व्यक्ती आली की गाडीचा मागचा भाग खाली बसतो. पुढची बाजू हलकी होते, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांकडे पाहू लागतो आणि खड्ड्यात शॉकॲब्सॉर्बर तळाला आपटतो. तो धक्का सीटचा दोष समजून लोक फोम बदलत राहतात. चाल, म्हणजे चाक वर-खाली होण्याचे अंतर, किती उरली आहे हे मोजणे सोपे आहे: मागचे चाक अधांतरी असताना त्याच्या ॲक्सलपासून वर सरळ रेषेत येणाऱ्या एखाद्या बोल्टपर्यंतचे अंतर घ्यावे, मग नेहमीच्या सामानासह आणि बूट-हेल्मेटसह बसून तेच अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यावे. दोन्हींतला फरक चाकाच्या एकूण चालीच्या सुमारे ३० टक्के असावा. हिमालयन ४११ च्या मागच्या चाकाची चाल १८० मिलिमीटर आहे, तेव्हा तिच्यावर तो साधारण ५४ मिलिमीटर येतो. फरक जास्त असेल तर प्रीलोड (शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगवरचा सुरुवातीचा दाब) एकेक खाच वाढवावा, आणि शेवटी हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवावा.

वारा थेट हेल्मेटवर आदळतो. उंच विंडशील्ड घ्यावे का?

प्रवास कोठे होतो यावर ते अवलंबून आहे. गुहागर, जयगड, गणपतीपुळे, देवगड अशा सागरी मार्गावर वेग बहुतेक वेळ ताशी ४० ते ५० च्या पुढे जात नाही, आणि तेथे विंडशील्डने फारसे काही बिघडत नाही. महामार्गावर ताशी ८० ला मात्र त्याच्या वरच्या कडेवरून उसळलेला वारा उंच माणसाच्या बरोबर हनुवटी-कपाळावर येतो. सीट उंच केल्यावर डोके आणखी वर जाते, म्हणून विंडशील्डचा निर्णय सीट पक्की झाल्यावरच घ्यावा. खर्च करण्यापूर्वी मूळ विंडशील्ड काढून एकदा चालवून पाहावे: पुष्कळ उंच चालकांना छातीवर येणारा एकसारखा वारा डोक्यावरच्या आदळआपटीपेक्षा बरा वाटतो. तसे नसेल तर वरच्या कडेला लावायची, कोन बदलता येणारी पट्टी घ्यावी. हेल्मेटला पुढे टोपीसारखी पट्टी असेल, तर तीही काढून पाहावी.

पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत या बदलांचे काय होते?

किनारपट्टीवर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि नव्याने शिवलेल्या सीटची परीक्षा तोच घेतो. पाणी सुईच्या भोकांतून आत जाते आणि भिजलेला फोम आठवडाभर वाळत नाही. शिवण बसण्याच्या भागावर न घेता बाजूला घ्यायला सांगावी, आणि ती आतून चिकटपट्टीने बंद करून घ्यावी. रायझर बहुधा ॲल्युमिनियमचे आणि त्यांचे बोल्ट पोलादाचे असतात. खाऱ्या दमट हवेत हे दोन धातू एकमेकांना खातात आणि वर्षभराने बोल्ट जाम होतो. बसवताना आट्यांवर जाम न होऊ देणारे ग्रीस लावावे. मात्र ग्रीस लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला अधिक ताणला जातो, म्हणून रायझरच्या पत्रकातली सूचना पाहावी. बदलायचेच असतील तर ३१६ दर्जाचे स्टेनलेस बोल्ट ३०४ पेक्षा किनाऱ्यावर जास्त टिकतात, पण हँडलच्या बोल्टना मूळ बोल्टइतकीच ताकद हवी. फूटरेस्टच्या पिना आणि स्प्रिंग समुद्राकाठच्या प्रवासानंतर गोड्या पाण्याने धुऊन त्यांना तेलाचा हात द्यावा.

गाडी उंच केल्यावर साइड स्टँडवर कलंडेल का? फेरीबोटीत काय करावे?

फक्त सीट उंच केल्याने स्टँडवर परिणाम होत नाही. प्रीलोड बराच वाढवला किंवा शॉकॲब्सॉर्बर लांब घेतला, तर गाडी स्टँडवर अधिक झुकते आणि वाळूत किंवा पावसाने मऊ झालेल्या तांबड्या मातीत स्टँड रुतू लागतो. त्याच्या तळाला रुंद पत्रा बसवून घेणे हा स्वस्त उपाय आहे.

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, बागमांडला-वेश्वी किंवा आगरदांडा-दिघी या फेऱ्यांत, ज्यांना आपल्याकडे जंगलजेट्टी म्हणतात, गाडी पहिल्या गिअरमध्ये साइड स्टँडवर लावून पुढचा ब्रेक धरून शेजारी उभे राहावे. बोटीच्या ओल्या, शेवाळलेल्या उतारावर लांब पाय हे वरदानच आहे. दोन्ही तळवे पूर्ण टेकवता येतात. मात्र सीट वाढवल्यानंतर पहिल्यांदा जेट्टीवर जाण्यापूर्वी घराजवळच्या उतारावर पाय टेकवण्याचा सराव करावा, कारण जुन्या उंचीची सवय पायांना असते आणि तीन सेंटिमीटरचा फरक तेथेच फसवतो.

घरात धाकटा भाऊही हीच गाडी चालवतो आणि तो पाच फूट सहा इंच आहे. मग?

मूळ सीट विकू नये. उंच सीट वेगळ्या बेसवर बनवून घेतली तर चावीने काढून दोन मिनिटांत बदलता येते. हँडल आणि लिव्हरच्या दोन जागांवर रंगाच्या पेनाने खुणा कराव्यात. फूटरेस्ट आणि प्रीलोड रोज बदलत बसणे व्यवहार्य नाही. ते ज्याचा प्रवास लांबचा, त्याच्या मापाने ठेवावेत.

हे बदल कायद्यात बसतात का? वॉरंटी जाते का?

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. त्यामुळे चासी कापणे किंवा तिला वेल्डिंग करून फूटरेस्टच्या जागा हलवणे या वाटेला जाऊ नये. सीटचा फोम किंवा लिव्हरचा कोन यांसारखी, मूळ जागेवर परत नेता येणारी समायोजने वेगळ्या प्रकारची आहेत. तरीही रायझर किंवा फूटरेस्टचे ब्रॅकेट घेताना आपल्या गाडीच्या कंपनीने मान्य केलेला भाग मिळत असेल तर तोच घ्यावा. वॉरंटीच्या काळात काम करायचे असल्यास सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घ्यावे, आणि काढलेले मूळ भाग नटबोल्टांसह एका पिशवीत जपून ठेवावेत.